माझ्या खोलीतली रेषा

दाढ काढायला म्हणून दोन दिवस रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी कामावर आलो तर माझ्या खोलीच्या चारही भिंतींवर निळी रेषा ओढलेली. बोटभर जाड, सरळ, माझ्या मांडीला लागेल इतक्या उंचीवर, मांडण्यांच्या मागून, खिडकीच्या खालून, दाराच्या चौकटीपर्यंत येऊन थांबलेली. रंगाचा वास अजून होता. कुणी काही नेलं नव्हतं, कुणी काही हलवलंही नव्हतं, तरी मी पायऱ्यांवरच उभा राहिलो. बाहेरून घरी यावं आणि गादीवर कुणीतरी बसून गेल्याची खूण दिसावी, तसं झालं. तोंडातल्या रिकाम्या खड्ड्यात जीभ सारखी जात होती. ज्याची त्याची खोली असते. तिच्यात रेषा ओढायची तर आधी विचारायची रीत असते. फोन तर माझा चालू होता. म्हणजे मुद्दाम मी नसताना ओढली, हा पहिला विचार. तो आला आणि बसला तो बसलाच.

ही पॅटर्नची खोली. आमची कंपनी पंप बनवते. पंपाचं लोखंडी कवच ओतायचं तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा आणि मागं राहिलेल्या खळग्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या नमुन्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. कंपनी सुरू झाली तेव्हापासूनचे पॅटर्न या खोलीत मांडलेले आहेत आणि त्यातले निम्मे माझ्या हातचे आहेत. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी किंचित मोठा करायचा. त्याला सूट धरणं म्हणतात. आयुष्यभर सूट धरत आलो आणि मग ती सवय लाकडापुरती राहिली नाही. कुणी गोड बोललं की माझ्या मनात वजाबाकी सुरू होते, हे थंड झाल्यावर किती उरेल? बायको म्हणते, तुम्हाला समोरचा माणूस दिसतच नाही, त्याच्यातली सूट तेवढी दिसते. ती हे हसून म्हणते. त्या हसण्यातूनही मी थोडं वजा करतो.

रेषा कशाची आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी मागच्या कालव्याचं पाणी फाटकापर्यंत आलं होतं. गेल्या उन्हाळ्यात भट्टीवरचे लोक चक्कर येऊन पडायला लागले, तेव्हा उन्हाळ्यापुरती भट्टीची पाळी पहाटेला नेली. परदेशातलं मोठं गिऱ्हाईक दर तिमाहीला विचारायचं, ऊन वाढलं तर काय कराल, पाणी आलं तर काय कराल, वाळूची खाण बंद पडली तर काय कराल. विमावाले तर तोंड वाकडं करूनच यायचे. मग कंपनीनं हवामानाच्या धोक्यांसाठी समिती नेमली. पाणी उपसायचे पंप विकणारे आपण, आणि पाण्याला घाबरून समिती नेमतो, यावर जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर हसणं चाललं. छतावर पांढरा रंग लागला, ट्रान्सफॉर्मर उंच ओट्यावर चढला, तयार माल वरच्या मजल्यावर गेला. आणि ठरलं असं, की पाणी येऊन येऊन जिथवर येईल तिथं सगळीकडे निळी रेषा ओढायची आणि रेषेच्या खाली किमतीचं काहीही ठेवायचं नाही. यात वावगं काहीच नव्हतं. वावगं होतं ते समितीच्या खुर्चीत. तिथं माझा साडू बसला होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयानं माझ्याहून बराच लहान, हुद्द्यानं बराच वर. घरी तो मला दादा म्हणतो, मी त्याला अरेतुरे करतो. कारखान्यात मी त्याला साहेब म्हणतो, आणि तो शब्द मी असा काही उच्चारतो की ऐकणाऱ्याला त्यातलं कुसळ टोचावं. कामगारांनी त्याचं नाव वेधशाळा ठेवलंय, कारण तो कुणाशीही बोलताना मधेच आभाळाकडे बघतो. हा मनुष्य मला कधीच कळला नाही. सासऱ्यांच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा चहा होईपर्यंत त्यानं मोरीतला गळका नळ दुरुस्त केला होता. सासरे नंतर वर्षभर त्या नळाचं कौतुक सांगत होते. त्या घराचा जावई मी आठ वर्षं होतो आणि हात सुताराचे असूनही मला तो नळ दिसला नव्हता. दिसला असता तरी मी लोकांच्या घरात पहिल्याच दिवशी हात घातला नसता. मला वाटलं, हा कुणाला तरी दाखवायला करतोय. कुणाला, ते ठरवता आलं नाही, म्हणून मी मलाच ठरवलं.

रेषेच्या आधी पंधरवडाभर तो माझ्या खोलीत आला होता. पायरीवर बसला, पॅंटला भुसा लागेल याची पर्वा न करता. म्हणाला, "दादा, तुमच्या हातची एक काठी हवी. अमुक उंचीची. टेप दिला की रंगारी प्रत्येक खोलीत वेगळं वाचणार. काठी कशी, टेकवली की झालं."

"बाजारात पट्ट्या मिळतात की, साहेब."

"मिळतात. पण तुमची असली की मला परत मोजायला नको."

मी सागवानी काठी केली. खाली पितळी टोपण बसवलं, घासून घासून अशी गुळगुळीत केली की हातातून सुटू नये असं वाटावं. कौतुकानं फुगलो होतो हे कबूल. पण तो गेल्यावर वाक्य पुन्हा तपासलं. मला परत मोजायला नको. म्हणजे चुकलं तर काठी कुणाची? दादांची. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तर रेषा दिसल्यावर मी दिवसभर काही बोललो नाही. दुपारी खोलीत एकटाच होतो, तेव्हा सहज पायरीवर बसलो आणि नजर रेषेवर गेली. माझी खोली भट्टीच्या हॉलला लागून, पण चार पायऱ्या खाली आहे. जुन्या काळी कोळसा ठेवायची जागा ती. हॉलमधली निळी रेषा उघड्या दारातून दिसत होती. ती कुठं, आणि माझी कुठं. मी पाणसळ काढली, लांब सरळ पट्टी घेतली, पट्टीचं एक टोक माझ्या रेषेवर धरलं आणि दुसरं हॉलच्या उंबरठ्याकडे नेलं. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला. माझ्या खोलीतली रेषा म्हणजे हॉलची फरशी. रंगाऱ्यानं माझी काठी हॉलमध्ये हॉलच्या जमिनीवर टेकवली होती आणि माझ्या खोलीत माझ्या खोलीच्या जमिनीवर. पाणी काय प्रत्येक खोलीची जमीन विचारून चढणार होतं? हॉलमध्ये ते रेषेपर्यंत आलं तर माझ्याकडे माणसाच्या गळ्याशी येणार. हॉलची फरशी नुसती ओली झाली की माझी रेषा बुडाली. बुडबुडा हलत नव्हता.

इतकी ढळढळीत चूक चुकून होत नाही, असं मला वाटलं. आता वाटतं, इतकी ढळढळीत चूक चुकूनच होते. पण तेव्हा एकेक गोष्ट ओळीनं उभी राहायला लागली. गेल्या महिन्यात एक मुलगी कॅमेऱ्यासारखं यंत्र घेऊन आली होती आणि माझे पॅटर्न एकेक फिरवून त्यांची नक्कल कॉम्प्युटरमध्ये उतरवत होती. का, तर म्हणे काही झालं तर मूळ आकार हाताशी असावेत. काही झालं तर! काय होणार आहे हे ज्याला माहीत असतं तोच असं म्हणतो. नकला निघाल्या, आता मूळ कशाला? पाणी येईल, लाकूड फुगेल, विम्याचे पैसे मिळतील, खोलीला कुलूप आणि मला नारळाऐवजी हार. वर वायरमननं येऊन नवा बोर्ड बसवला तोही माझ्याच खोलीत, रेषेच्या वर वीतभर. पूर आला तर पाणी बाहेर फेकायला कंपनीचेच पंप लागणार. त्यांची वीज या बोर्डावरून. माझी भिंत जाड आणि कोरडी म्हणून ही जागा निवडली, असं तो म्हणाला. "रेषेच्या वर आहे ना, मग झालं तर," असं म्हणून त्यानं पेचकस खिशात टाकला. मी "हो" म्हणालो. बोर्डही बुडणार, हे मी त्याच वेळी मनात म्हणालो होतो. पण माझं सगळं लक्ष पॅटर्नकडे होतं; बोर्ड बुडतो म्हणजे काय होतं, तिथपर्यंत मी विचार नेलाच नाही. की नेला आणि सोडून दिला, हे मला आज सांगता येत नाही.

लहान असताना एकदा आई म्हणाली, बाजारात जाऊन येते. मी दाराशी गेलो तर तिच्या बाजारात जायच्या चपला तिथंच होत्या. ती चांगल्या चपला घालून गेली होती. संध्याकाळी काकू मला घेऊन दवाखान्यात गेली. आई परत आली, बरी होऊन आली, महिन्यानं. पण त्या दिवसापासून मी कुणाच्याही घरी गेलो की आधी दाराशी चपला बघतो. बोलणं ऐकतो नंतर. आमच्या घरी साडू आला की त्याचे बूट नेहमी जोडीनं, टाचा भिंतीला लावून, टोकं बाहेर ठेवलेले असतात. पटकन निघता यावं म्हणून, असं मी ठरवलं होतं. बायकोला बोललोही होतो एकदा. ती म्हणाली, "अहो, नीटनेटका आहे तो. तुमच्यासारखा एक इथं आणि एक तिथं नाही टाकत."

हल्ली बायको धाकटीचा फोन आला की गॅलरीत जायची. पूर्वी स्वयंपाकघरात उभी राहून बोलायची, आता गॅलरीत. आत आली की मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, "काय म्हणते धाकटी?"

"काही नाही. कणीक मळून ठेवली होती, तिला सांगत होते उकाड्यानं कशी आंबते ते."

"कणकेला गॅलरी कशाला लागते?"

"आत रेंज नसते. तुम्हीच नाही का ओरडत असता फोनवर?" मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तुमचं काही बिनसलंय का तिच्या नवऱ्याशी? तो विचारत होता म्हणे, दादा बोलत का नाहीत."

म्हणजे चौकशी चालू आहे. मला किती कळलंय याचा अंदाज घेणं चालू आहे. मी ताकास तूर लागू दिली नाही. दाढ दुखते म्हणालो. जी काढून टाकली होती ती.

महिन्याअखेर समितीची बैठक झाली. प्रत्येक विभागाचा माणूस उठायचा, आमचं सगळं रेषेच्या वर आहे म्हणायचा आणि बसायचा. माझंही सगळं रेषेच्या वर होतं. मी स्वतः मांडण्यांची खालची फळी रिकामी करून पॅटर्न वर चढवले होते. सांगितलं तेवढं चोख करायचं आणि बघत राहायचं, असं माझं ठरलं होतं. पाणी येईल तेव्हा येईल. आलं की सगळ्यांसमोर पाणसळ लावून दाखवीन, साहेबांची रेषा. त्या प्रसंगाची मी मनात इतकी तालीम केली होती की मालक कुठं उभे असतील हेही ठरलं होतं. साडूनं शेवटी विचारलं, "कुणाच्या खोलीचं काही राहिलंय का? रेषेबद्दल काही शंका?" आणि तो माझ्याकडे बघत होता. आभाळाकडे नाही, माझ्याकडे. मला वाटलं, हा मला चाचपतोय. मी म्हणालो, "नाही, साहेब." तो हसला, मान हलवली आणि पुढच्या विषयाकडे गेला. त्याच्या हसण्यात सुटल्याचं समाधान होतं, असं मी घरी जाताना ठरवलं.

पाणी आलं ते पावसाचे दिवस सरून गेल्यावर, भर दुपारी. आमच्याकडे ऊन होतं. पाऊस झाला होता वरच्या डोंगरांत, आणि कालव्याची भिंत खचली ती आमच्या मागच्या कुंपणाशी. भोंगा झाला. ठरल्याप्रमाणे भट्टी बंद झाली, हॉलची वीज गेली, माणसं जिन्यावर चढली. धावपळ अशी नव्हतीच. सगळं सराव केल्याप्रमाणे चाललं होतं. पंप चालू झाले, आमचेच, आणि त्यांच्या घरघरीनं सगळ्यांना धीर आला. मी हॉलमध्ये माझ्या दाराशी उभा होतो. खाली खोलीत गटाराच्या जाळीतून पाणी वर येत होतं, काळपट, भुशाचा थर डोक्यावर घेऊन. ते रेषेशी पोचलं तेव्हाच हॉलच्या उंबरठ्यावरून पहिली ओघळ आत घरंगळली. अगदी पाणसळीनं सांगितलं होतं तसं. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. माझं बरोबर होतं.

आणि मग साडू आला. हॉलमध्ये घोटाभर पाणी झालं होतं. त्यानं दारातून आत बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अहो दादा, हे काय! ही रेषा..." चौकटीशी मोडकं खोकं पडलं होतं, त्यावर त्यानं बूट काढून ठेवले, जोडीनं, टाचा भिंतीला लावून. पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली. "खालच्या रांगेतले भिजायला लागलेत. मी खालून देतो, तुम्ही वरून घ्या. चला, हात पुढं करा." पहिली पायरी तो उतरला. दुसरी उतरला. बोर्ड त्याच्या डाव्या हाताला, पाण्याच्या खाली अर्धा गेलेला, वरचा हिरवा दिवा अजून चालू. पंप त्यावरच चालले होते.

माझं तोंड उघडलं नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. फार नसेल, कारण तो तेवढ्यात तिसऱ्या पायरीवर पाय टेकवत होता. पण त्या तेवढ्याशा वेळात माझ्या मनात एक आख्खा विचार येऊन गेला. आत्ता ओरडलो तर याला कळेल की मला माहीत होतं. माणूस मरायला निघालाय आणि मी माझी फजिती मोजत होतो. मग त्याची ती पांढरी पोटरी पाण्यात शिरताना दिसली, मुलाच्या पायासारखी, आणि माझ्या पोटातून आवाज फुटला.

"उतरू नको! बोर्ड बुडालाय! माघारी फिर!" आणि हॉलकडे तोंड करून, "मेन पाड! मेन पाड आधी!"

मी त्याची कॉलर धरून त्याला वर ओढला, तो उंबरठ्यावर माझ्या अंगावर पडला. वायरमननं मेन पाडला. हिरवा दिवा विझला आणि पंपांची घरघर थांबली. ती थांबल्यावर हॉल इतका शांत झाला की माझ्या खोलीत पाणी चढताना ऐकू येत होतं. आता ते अडवायला काही नव्हतं. एकेक फळी गेली. पॅटर्न आधी मांडणीवरच डुगडुगले, मग सुटून तरंगायला लागले, एकमेकांवर आपटत, दाराकडे येत. मी कुठला कधी केला ते मला सगळं ओळखू येत होतं.

आम्ही दोघं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलो. त्याचे दात वाजत होते. तो म्हणाला, "तुम्हाला बोर्डाचं कसं कळलं लगेच? मी तर समोर बघून..." आणि थांबला. माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिथं त्याला सगळं कळलं. "केव्हापासून माहीत होतं, दादा?"

चिडेल, ओरडेल, सगळ्यांसमोर विचारेल, याची मी वाट बघत होतो. ते मला बरं पडलं असतं.

"प्रत्येक खोलीची रेषा मी स्वतः जाऊन तपासली," तो म्हणाला, अगदी हळू, स्वतःला हिशोब देत असल्यासारखा. "स्टोअरची दोनदा पुसून काढायला लावली. तुमची एक नाही बघितली. म्हटलं, तिथं दादा आहेत."

पाणी उतरायला संध्याकाळ झाली. घरी आलो तर बायको गॅलरीत होती. आत आली ती डोळे पुसत. "धाकटी रडत होती हो. म्हणाली, भाऊजी नसते तर आज काय झालं असतं. तो तिला सांगत होता, दादांनी झटक्यात ओळखलं आणि ओढून काढलं, दादांनी वाचवलं. आणि तुम्ही नेहमीसारखे मुकाट येऊन बसलात."

"अजून काय म्हणाला?"

"अजून काय म्हणायचं असतं?"

"रेषेबद्दल काही?"

"चूक त्याचीच झाली म्हणाला, सगळ्यांना तसंच सांगितलंय म्हणे." मग तिची नजर दाराशी गेली. "हे बूट कुणाचे आणलेत?"

ते खोक्यावरून तरंगत माझ्याकडे आले होते. तो अनवाणी घरी गेला, मी ते उचलून आणले. ती स्वयंपाकघरात गेली आणि मी बसल्या जागी विचार करायला लागलो, यानं हे का झाकलं? मला आयुष्यभर दाबून ठेवायला? पुढं कधीतरी वापरायला हातचं राखून ठेवलं? मालकांसमोर मोठेपणा? विचार आपोआप येत होते, नेहमीच्या वाटेनं, नेहमीच्या ओळीनं, आणि मला माझी इतकी किळस आली की मी उठून दाराशी गेलो. बूट ओले होते, चिखलानं भरलेले, आतल्या कापडावर टाचेचा ठसा. मी खाली बसलो, जुन्या पंच्यानं ते पुसले, टाचा भिंतीला लावून जोडीनं ठेवले, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्यात मला काही सापडलं नाही. उद्या ते परत द्यायला जावं लागणार होतं, आणि तो दार उघडून "या, दादा" म्हणणार होता.